नीरेची बेरीज कोण करणार?

बारामतीहून फलटणला जाणारा रस्ता सांगवीजवळ नीरा ओलांडतो आणि तिथेच जिल्हाही बदलतो. अलीकडे पुणे, पलीकडे सातारा. खाली इंदापूर तालुक्यात पलीकडचा काठ सोलापूरचा होतो आणि नीरा-नरसिंहपूरला नदी भीमेला मिळते. या पट्ट्यात साखर कारखाने, डिस्टिलऱ्या, दूध प्रकल्प, रसायन उद्योग दोन्ही अंगांना उभे आहेत. सांगवी, खांडज, शिरवली या गावांत नदीच्या पाण्याच्या तक्रारी आता जुन्या झाल्या. त्यामुळे नवा कारखाना किंवा जुन्याची वाढीव क्षमता म्हटली की काठावरचा माणूस दर आणि नोकऱ्या यांच्या आधी ‘पाणी कुठं सोडणार?’ असे विचारतो. त्याला विकासविरोधी ठरवून मोकळे होणे फार सोपे आहे. मला तो माणूस हिशेबाला पक्का वाटतो. सरकार प्रत्येक कारखाना त्याच्या फाटकापाशी सुटा मोजते. नदीत मात्र सगळ्यांची बेरीज होते आणि ती बेरीज परवानगी देणारे कुणी स्वतः करत नाही.

नीरा ही आता बारमाही वाहणारी नदी उरलेली नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. वीर धरणापाशी तिचे पाणी डाव्या-उजव्या कालव्यांत वळते. पावसाळा सरला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे बसतात आणि नदीची तळ्यांची माळ होते. गळीत हंगाम नेमका याच काळात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे सांडपाणी सर्वाधिक तयार होते तेव्हाच ते वाहून न्यायला पाणी नसते. वरून आलेला काळपट फेस बंधाऱ्याशी अडतो, मासे मरून वर येतात आणि शेतीपंप तेच पाणी उसाला देत राहतात. मळीपासून एक लिटर अल्कोहोल करताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे सांडपाणी, निघतो. दिवसाला 60 हजार लिटर अल्कोहोल करणाऱ्या डिस्टिलरीचा स्पेंटवॉश 4 लाख 80 हजार ते 9 लाख लिटर झाला. त्याची जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला 40 हजार मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असते, तर आंघोळीच्या पाण्याची मर्यादा 3 मिलिग्रॅम आहे. गणित करून पाहा: असा दहा हजार लिटरचा एकच टँकर रात्रीतून ओढ्यात रिकामा झाला, तर तो त्या मर्यादेत आणायला 13 कोटी लिटरहून अधिक निर्मळ पाणी लागेल. मार्च महिन्यात नीरेने ते आणायचे कुठून?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले 53 महाराष्ट्रातले होते, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. नीरेचा पट्टा पहिल्या अग्रक्रमात होता, म्हणजे बीओडी 30च्या वर. या खोऱ्याला उशिरा कळलेल्या खर्चाचा अनुभवही नवा नाही. डावा कालवा 1885च्या सुमारास सुरू झाला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे या कृषी संशोधकांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर 1910 साली स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. कालव्याने संपत्ती आणली हे खरेच, पण चोपण झालेल्या रानाचा हिशेब कालव्याच्या अंदाजपत्रकात नव्हता. तो ज्याचे रान त्याच्याच माथी बसला.

आता परवानगीची रीत पाहू. 2006च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी तीस दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. पण मूळ जाडजूड अहवाल बहुधा इंग्रजीत असतो आणि त्यातली पाहणी बहुधा पावसाळा सोडून एकाच हंगामाची. अर्जाच्या नमुन्यात आसपासच्या इतर प्रकल्पांच्या एकत्रित परिणामाबद्दल रकाना आहे, तोही अर्जदारानेच भरायचा! सुनावणी प्रकल्पाच्या जिल्ह्यात होते, त्यामुळे पलीकडच्या काठाला नदी ओलांडून परक्या जिल्ह्याच्या मांडवात जावे लागते. 2015 साली राज्य सरकारने नदीकाठच्या उद्योगांवर अंतराची बंधने घालणारे नदी नियमन क्षेत्राचे धोरणच रद्द केले. 2021 साली केंद्राने, पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलपुरत्या काही डिस्टिलऱ्यांना ठरावीक मुदतीसाठी बी-2 वर्गात टाकले, म्हणजे जनसुनावणीची गरजच उरली नाही. बोलायची जागा काढून घेतल्यावर माणसे रस्त्यावर आली, तर नवल कसले?

यावर पहिला आक्षेप घरातूनच येतो. कारखाना सहकारी, सभासद आपणच, उसाचे बिल त्यातूनच; मग विरोध कुणाला? हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, कारण नीराकाठचा शेतकरी खरोखरच दोन्ही बाजूंना आहे. पण सभासदाला उसाचा दर वार्षिक सभेत विचारता येतो. त्याच्या विहिरीच्या पाण्याचा विषय पत्रिकेवर सहसा नसतो. शिवाय काठावर राहणारा प्रत्येक जण सभासद नाही. मासेमारी करणाऱ्याला, शेतमजुराला बिल मिळत नाही, पाणी मात्र तेच मिळते. दुसरा आक्षेप असा की गावाशहरांचे मैलापाणी आणि शेतातली खतेही नदी बिघडवतात. बरोबर आहे, पण त्याने बेरजेची गरज वाढते, कमी होत नाही. तिसरा, इथेनॉल हे हरित इंधन. धुराड्यापुरते ते मान्य करू. पण नीती आयोगाच्याच 2021च्या आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी धरले आहे. आणि आता सगळे शून्य निःस्राव तंत्रावर चालते, या उत्तराबद्दल एवढेच, की बाष्पीभवनाची आणि स्पेंटवॉश जाळणाऱ्या बॉयलरची यंत्रणा चांगली आहे, पण ती चालवायला पैसा लागतो आणि बंद पडल्यावर गाळप थांबवायचे की पाणी सोडायचे हा निर्णय रात्रपाळीत होतो.

म्हणून काठाची मागणी फार मोठी नाही. वीरपासून नरसिंहपूरपर्यंत, दोन्ही काठांवरच्या सगळ्या उद्योगांचे आणि नगरपालिकांचे सांडपाणी मार्च-एप्रिलच्या प्रवाहाशी ताडून एकदा मोजावे, बंधाऱ्यागणिक आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, आणि पुढच्या प्रकल्पाची सुनावणी दोन्ही काठांच्या जिल्ह्यांत घ्यावी. प्रदूषण मंडळ नमुने आताही घेते. तीनही जिल्ह्यांचे नमुने एका तक्त्यात मांडायला नवा कायदा लागत नाही. तो तक्ता येईपर्यंत पुढच्या क्षमतावाढीला ग्रामसभेने नाही म्हणणे मला रास्त वाटते.