विश्लेषण : ‘व्हर्टिगो’तील किम नोवाक यांचा अभिनय खरेच निर्जीव होता का?

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) या रहस्यपटात किम नोवाक ‘थंड’ आणि ‘ठोकळेबाज’ वाटतात, हा आक्षेप जुना आहे. मात्र कथेतील फसवणूक उलगडल्यावर हाच थंडपणा वेगळा दिसू लागतो. (चित्रपट पाहिला नसेल तर सावधान! पुढे रहस्यभेद आहे.)

फसवणूक काय?

उंचीची भीती असलेला माजी पोलीस गुप्तहेर स्कॉटी (जेम्स स्ट्युअर्ट) मित्राच्या सांगण्यावरून त्याच्या पत्नीवर, मॅडलिनवर, पाळत ठेवतो. तिच्या प्रेमात पडतो. ती मनोऱ्यावरून पडून मरते. पुढे त्याला दुकानात काम करणारी, तिच्यासारखीच दिसणारी ज्युडी भेटते. स्कॉटीने पाहिलेली ‘मॅडलिन’ म्हणजे ज्युडीच होती. खऱ्या पत्नीचा खून लपवण्यासाठी मित्राने तिला हे सोंग घ्यायला लावले होते.

मग थंडपणा कशासाठी?

नोवाक मॅडलिनची भूमिका करतच नाहीत. मॅडलिनची भूमिका करणाऱ्या ज्युडीची भूमिका त्या करतात. म्हणून मॅडलिनची चाल मोजूनमापून, आवाज हळुवार, नजर हरवलेली. ज्युडीचे बोलणे मात्र रोखठोक आणि वावर काहीसा अवघडलेला. मनोऱ्यावर धावण्याआधी मॅडलिन म्हणते की हे असे घडायला नको होते. पहिल्यांदा पाहताना ती झपाटलेली वाटते. दुसऱ्यांदा कळते, हे ज्युडी बोलते आहे. सोंग करता करता ती खरोखर प्रेमात पडली आहे.

सर्वात अवघड प्रसंग कोणता?

स्कॉटी ज्युडीला पुन्हा करड्या सूटमध्ये, सोनेरी केसांत उभी करतो. स्वतः म्हणून कुणाला हवी नसलेली बाई हार मानते, ती नोवाक यांच्या चेहऱ्यावर दिसते. हा अनुभव त्यांना परका नव्हता. स्टुडिओने त्यांचे नाव बदलायचे ठरवले तेव्हा ‘मेरिलिन’ गेले, पण ‘नोवाक’ हे आडनाव त्यांनी हट्टाने राखले.

गैरसमज का झाला?

ही भूमिका मुळात व्हेरा माइल्स यांची होती. त्या गरोदर राहिल्याने ती नोवाक यांच्याकडे आली. हिचकॉक यांनीही पुढे नोवाक यांच्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. दिग्दर्शकाचेच मत असे, तर समीक्षकांचे काय!

आता काय बदलले?

२०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षक कौलात ‘व्हर्टिगो’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. २०२५ मध्ये व्हेनिस महोत्सवाने नोवाक यांना जीवनगौरव ‘गोल्डन लायन’ दिला. चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा स्कॉटीचा नव्हे, तिचा चेहरा पाहा.