गोष्ट आणि खोटे

चार वर्षांची मुलगी अंगणातून धावत येते आणि आईला सांगते, "मी आता वाघ पाहिला. तो माझ्याशी बोललासुद्धा!" तासाभराने लोणच्याची बरणी फुटलेली आढळते. विचारताच तीच मुलगी म्हणते, "मी नाही, मांजराने फोडली." मोठ्यांच्या दृष्टीने ही दोन्ही विधाने असत्यच, परंतु त्यांचा उगम भिन्न आहे. पहिल्यात कोणाला फसविण्याचा हेतू नाही, तो कल्पनेचा खेळ आहे. दुसऱ्यात शिक्षा टाळण्याची धडपड आहे. हा भेद न ओळखता दोन्हींबद्दल सारखेच रागावले, तर मूल कल्पना बोलून दाखविणे सोडून देईल आणि खोटे मात्र अधिक चतुराईने बोलू लागेल.

मुलांना हा भेद जन्मतः कळत नसतो. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याचे मार्मिक उदाहरण दिले आहे. एक मुलगा घाबरून सांगतो, की आपण गायीएवढा कुत्रा पाहिला. दुसरा आईला खोटेच सांगतो, की शिक्षकांनी आपल्याला चांगले गुण दिले. यांतील अधिक वाईट कोण? लहान मुलांनी पहिल्याकडे बोट दाखविले. कारण गायीएवढा कुत्रा कोठेच नसतो, चांगले गुण मात्र मिळू शकतात! मोठ्या मुलांनी हेतूचा विचार केला. हेतू स्पष्ट करून सांगितल्यास बऱ्याच लहान वयातही तो समजतो, असे पुढील संशोधनात दिसून आले. म्हणून "खोटे बोलू नये" एवढी आज्ञा पुरेशी नाही. "मांजराने फोडली असे मला वाटावे, म्हणून तू तसे म्हणालीस ना?" असे शांतपणे विचारले, की फसविणे म्हणजे काय ते मुलाला उमगते.

मग कल्पित गोष्टी सांगाव्यात की नाही? मारिया माँटेसरी यांना लहान वयात परीकथा सांगणे इष्ट वाटत नव्हते. १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू करणारे गिजुभाई बधेका माँटेसरींच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. तथापि त्यांनी गोष्टींना बालशिक्षणात मोठे स्थान दिले. आपल्या परंपरेनेही गोष्टीला वेस घातलेली आहे. "आटपाट नगर होते" हे शब्द कानी पडताच आता गोष्ट सुरू झाली, हे मूल जाणते. येथे सांगणारा व ऐकणारा यांच्यात संगनमत असते. फसवणुकीत ते नसते.

कल्पित कथेतून सत्याची ओढही लागू शकते. महात्मा गांधींनी बालपणी हरिश्चंद्राचे नाटक पाहिले आणि ते त्यांच्या मनात पुनःपुन्हा घोळत राहिले. हरिश्चंद्र ही ऐतिहासिक व्यक्ती नसावी, हे पुढे बुद्धीला पटूनही आपल्या लेखी तो जिवंतच आहे, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

मात्र प्रत्येक बोधकथेचा परिणाम सारखा नसतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तीन ते सात वर्षांच्या मुलांना, पाठीमागे ठेवलेले खेळणे वळून पाहू नका, असे बजावून एकटे ठेवले. नंतर गोष्ट वाचून दाखविली आणि मग पाहिले होते का, असे विचारले. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट ऐकून मुले अधिक खरे बोलली नाहीत. चेरीचे झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या बाल जॉर्ज वॉशिंग्टनची गोष्ट ऐकून मात्र अधिक मुलांनी खरे सांगितले. पहिलीत खोट्याला शिक्षा आहे. दुसरीत खऱ्याचा गौरव आहे. गौरवाचा शेवट बदलताच तिचाही प्रभाव ओसरला. गंमत अशी, की मेसन वीम्स या चरित्रकाराने १८०६ च्या आवृत्तीत घातलेली ही कथा स्वतःच कल्पित मानली जाते!

यातून पालकांनी काय घ्यावे? "हे खरेच घडले का?" असे मुलाने विचारले, तर सरळ उत्तर द्यावे: "नाही, ही रचलेली गोष्ट आहे." त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. बरणी कोणी फोडली हे ठाऊक असताना "कोणी फोडली?" असा सापळा लावू नये, "बरणी फुटली आहे, चल, आपण काचा गोळा करू" असे म्हणावे. कबुली दिल्यावर आधी खरेपणाची दखल घ्यावी, मग चुकीकडे वळावे.

आणि स्वतःकडेही पाहावे. "झोपला नाहीस तर बागुलबुवा नेईल" ही गोष्ट नव्हे. मुलाने ते खरे मानावे, हाच तिचा हेतू असतो. दारी आलेल्यास "बाबा घरी नाहीत असे सांग" म्हणून मुलालाच पुढे करणाऱ्या घरात सत्यावरील कोणतीही कथा फार काळ टिकणार नाही.