रसिकांना हाक घालताना

कला आणि जाहिरात ही दोन नावे एका ओळीत आली की मराठी माणसाच्या कपाळावर आठी उमटते. गुणी माणसाने आपल्या गुणांचा डांगोरा पिटू नये, हा संस्कार आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला आहे. संस्कार चांगलाच आहे. पण त्यापायी असेही घडते, की गाणाऱ्याने वर्षभर मेहनत करावी, कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्या दोन रांगांत आप्तेष्ट बसावेत आणि मागच्या खुर्च्या रिकाम्याच राहाव्यात. त्या रिकाम्या खुर्च्यांविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्ही योजिले आहे.

तुकोजीराव होळकरांचे नाव मिरविणाऱ्या आमच्या तुकोगंजास कलेचे वावडे कधीच नव्हते. रवींद्रनाथ टागोर मार्गावर रवींद्र नाट्यगृह उभे आहे. प्रीतमलाल दुआ सभागृहही त्याच मार्गावर आहे. इंदूरच्या मराठी रंगभूमीने बाबा डिके यांच्या नाट्यभारतीची कामगिरी पाहिली आहे, आणि सानंदसारखी संस्था सभासदांच्या बळावर मराठी नाटके इंदूरकरांपुढे आणीत आली आहे. पूर्वी कार्यक्रमाची वार्ता शेजारणींच्या बोलण्यातून, देवळाच्या पायरीवरून आणि चौकातल्या फलकावरून घरोघर पोचत असे. आता वाडे जाऊन बहुमजली इमारती झाल्या, कुटुंबे शहराच्या चहूकडे पांगली, मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी गेली. वार्तेची ती साखळी तुटली, आणि तिची जागा मोबाइलने घेतली.

म्हणूनच फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप ह्या समाजमाध्यमांतून कलेची प्रसिद्धी कशी करावी, हे शिकविणारे ऑनलाइन वर्ग आज निघाले आहेत. 2020 सालच्या टाळेबंदीत गाण्याच्या नि चित्रकलेच्या शिकवण्या पडद्यावर आल्या, त्यामुळे अशा शिक्षणाचा बुजरेपणाही बराच ओसरला. प्रश्न उरतो तो असा, की ह्या वर्गांतून नेमके काय शिकवावे?

प्रसिद्धी हे कलावंताला कमीपणा आणणारे काम नव्हे, हा पहिला धडा असावा. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनी 1927 साली इंदुरात चित्रकलेचे विद्यालय सुरू केले. नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन हे तेथलेच विद्यार्थी. ह्याच हुसेनांनी पुढे मुंबईत सिनेमाचे भव्य फलक रंगवून पोट भरले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतःच्या कुंचल्याने रंगवीत. रसिकाला बोलावणे हेदेखील त्यांनी कलेच्याच निष्ठेने केले.

दुसरा धडा पत्रिकेचा. लग्नाची पत्रिका लिहिताना आपण कोणाला, कोठे, किती वाजता हे विसरत नाही. कार्यक्रमाच्या पत्रिकेत मात्र ‘अवश्य या’ एवढेच मोठ्या अक्षरांत छापतो. येथे ऑनलाइन वर्गाचा एक मोठा लाभ आहे. शिक्षक आणि विद्यार्थी ज्या पडद्यावर भेटतात, त्याच पडद्यावर ती पत्रिका रसिकाला दिसणार असते. कागदावर सुबक वाटणारी अक्षरे हाताच्या पंजाएवढ्या काचेवर वाचता येतात की नाही, हे तेथल्या तेथे कळते. ध्वनिचित्रफीत उभी घ्यावी की आडवी, तंबोरा जुळविण्यात पहिले अर्धे मिनिट घालवावे की थेट बंदिशीच्या मुखड्याला हात घालावा, हेही सर्वांच्या देखत ठरविता येते.

तिसरा धडा यादीचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. समजा, दक्षिण तुकोगंजातील एखाद्या गायिकेने आपल्या गाण्याची चित्रफीत इन्स्टाग्रामवर घातली आणि ती हजारो लोकांनी पाहिली. त्यांतले इंदूरचे किती, संध्याकाळी घराबाहेर पडणारे किती, हे तिला कसे कळावे? शिवाय ती जागा परक्याची. कोणाची चित्रफीत कोणापुढे न्यावी हे त्या कंपनीच्या गणितावर ठरते, आणि ते गणित सांगून बदलत नाही. स्वतः जमविलेली, संमतीने घेतलेली दोनशे रसिकांच्या नावांची वही मात्र तिची स्वतःची असते. व्हॉट्सॲपच्या प्रसारण-यादीत एका वेळी 256 जणांस निरोप धाडता येतो; पण ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये नोंदविला आहे त्यांनाच तो पोचतो. म्हणजे यंत्रालाही आधी ओळख लागते! ती ओळख वाढविण्याची युक्ती शिकविणे हेच खरे शिक्षण होय.

चौथा धडा कायद्याचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीचा नि संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांनाही 1994 च्या दुरुस्तीने आपल्या सादरीकरणावर हक्क मिळाला. साथीला बसलेल्या तबलजीला न विचारता त्याचे वादन जगभर धाडणे हे सौजन्याला तर सोडूनच आहे, कायद्यालाही धरून नाही.

ह्या वर्गांत एक उणीव आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पडद्यावर आकडे दिसतात, माणसे दिसत नाहीत. किती अंगठे उंचावले ह्यावरच विद्यार्थी खूश होतो, आणि पुढे पुढे अंगठे मिळतील असेच गाऊ लागतो. विलंबित ख्याल मागे पडतो, चटकदार तुकडा पुढे येतो. कलेचा खरा धोका हा आहे. म्हणून शेवटचा स्वाध्याय पडद्याबाहेरचा असावा: विद्यार्थ्याने सभागृहाच्या दाराशी उभे राहावे, येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करून ‘आपणांस कोठून कळले?’ एवढेच विचारावे आणि उत्तर वहीत टिपून ठेवावे. दुसऱ्या कार्यक्रमाला त्यांतले कितीजण पुन्हा आले, हे ताडून पाहावे. त्या वहीपुढे हजारो अंगठ्यांची किंमत किती, हे त्याचे त्यालाच उमगेल.

ह्या कामी वडीलधाऱ्यांनाही हातभार लावता येईल. कोण नाट्यसंगीताचा चाहता, कोणाला चित्रांची आवड, कोणाकडे न्यायला-आणायला वाहन आहे, ही माहिती ज्येष्ठांच्या स्मरणात आहे. यंत्र हाताळण्याचे कसब नातवंडांच्या बोटांत आहे. उन्हाळ्यात इंदुरात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ झालेले असतात. रविवारी वर्ग ठेवला तर परदेशातली नातसुद्धा आजोबांच्या शेजारी, पडद्यावर का होईना, बसू शकेल.

आजी-आजोबांनी नावे सांगावीत, नातवंडांनी ती यादीत घालावीत, आणि पुढच्या कार्यक्रमाचे निमंत्रण प्रत्येकाला त्याच्या नावानिशी जावे. एवढे ह्या महिन्यात घरोघरी झाले, तरी मागच्या रांगांत माणसे दिसू लागतील, असा आम्हांस विश्वास वाटतो.