साथीनंतरचा प्रवासी आणि मुक्कामाची जागा

प्रवासाला निघणाऱ्यास वाटेइतकीच चिंता उतरण्याच्या जागेची असते. वाहनातील सहवास काही तासांचा. मुक्कामी मात्र रात्र काढावयाची असते. तेथील अंथरूण, भांडी व न्हाणीघर आपल्यापूर्वी कोणी वापरले, हे त्याला ठाऊक नसते. कोविड-१९ च्या साथीने ही नेहमीची शंका धास्तीच्या पातळीवर नेली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे घोषित केले. मनातील धास्ती घोषणेच्या दिवशीच संपत नाही. म्हणूनच तिचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

धोका आणि धोक्याची जाणीव

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ साली या विषयाची महत्त्वाची मांडणी केली. तज्ज्ञ मंडळी धोका मोजताना प्रामुख्याने मृत्यूंचे प्रमाण पाहतात. सामान्य माणसाच्या मनात मात्र दोन गोष्टी प्रभावी ठरतात : संकट किती भयावह वाटते आणि ते किती अपरिचित आहे. नव्या विषाणूच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. ज्या घटनेचे उदाहरण चटकन आठवते, ती अधिक संभवनीय वाटते, हेही मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. ज्याच्या घरातील माणूस साथीत गेला, त्याला धर्मशाळेतील सामाईक दालन धोक्याचे वाटते. ज्याला झळ लागली नाही, तो तेथेच निर्धास्त पथारी पसरतो. जागा एकच, पण जाणीव भिन्न.

ही जाणीव केवळ आजाराची नसते. टाळेबंदी लागल्यास आगाऊ भरलेली रक्कम बुडेल काय, परगावी ताप आल्यास दवाखाना किती दूर, परतल्यावर घरातील वृद्धांना बाधा होईल काय, शेजारी काय म्हणतील, असे अनेक प्रश्न तिच्यात गुंतलेले असतात. म्हणून साथीनंतर प्रवासी स्वतंत्र खोली, स्वतंत्र न्हाणीघर आणि कमी गर्दीची जागा पसंत करतो. ओळखीचे घर त्याला सर्वांत सुरक्षित वाटते. वस्तुतः ओळखीने भीती कमी होते. संसर्ग मात्र ओळख पाहत नाही.

दिसणारी स्वच्छता, न दिसणारी हवा

प्रवासी डोळ्यांनी व नाकाने पारख करतो. चकचकीत फरशी आणि जंतुनाशकाचा वास यांनी त्याचा विश्वास बसतो. स्वच्छता सर्वच रोगांच्या दृष्टीने आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु कोविडचा प्रसार मुख्यतः श्वासावाटे होतो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केले की, दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०,००० मध्ये १ हून कमी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये घरे व सार्वजनिक इमारती यांसाठी दर माणशी दर सेकंदास १० लिटर हवा खेळती ठेवण्याची शिफारस केली. याचा अर्थ असा की, खिडक्या बंद असलेल्या सुगंधी खोलीपेक्षा समोरासमोर खिडक्या असलेली साधी कौलारू खोली अधिक सुरक्षित असू शकते. प्रवाशाला मात्र हे कोणी सांगितल्यावाचून कळत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

मुक्काम आणि साथ यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढील वर्षी झालेल्या साथरोग कायद्यात प्रवाशांची तपासणी करण्याची व संशयितांना वेगळे ठेवण्याची तरतूद करण्यात आली. मार्च २०२० मध्ये राज्याने याच कायद्याचा आधार घेतला. त्या वर्षी आषाढी वारीची पायी वाटचाल झाली नाही. संतांच्या पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. २०२२ मध्ये पायी वारी पुन्हा निघाली आणि वाटेवरच्या गावांतील शाळा, मंदिरे व ओसऱ्या वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी पुन्हा उघडल्या.

दरम्यान ८ जुलै २०२० पासून राज्यातील निवासी हॉटेलांना ३३ टक्के क्षमतेने व्यवसाय करण्याची मुभा मिळाली होती. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने भारतीय गुणवत्ता परिषदेच्या सहकार्याने 'साथी' हा उपक्रम सुरू करून हॉटेलांना सुरक्षिततेच्या नियमांचे पालन करण्यास साहाय्य केले.

गावाने काय करावे?

कोकणातील ज्या कुटुंबाने दोन खोल्या पाहुण्यांसाठी राखल्या आहेत, त्याची मिळकत प्रवाशाच्या विश्वासावर अवलंबून असते. शिवाय धोका एकट्या प्रवाशाचा नाही. दररोज नवे पाहुणे जेवू घालणारी गृहिणी आणि तिच्या घरातील वडीलधारी माणसेही तो पत्करतात. म्हणून खोलीत हवा खेळती ठेवणे, भोजन शक्यतो पडवीत वा अंगणात वाढणे, पाणी व शौचालय निर्मळ राखणे, रक्कम परत करण्याच्या अटी आधीच लेखी देणे आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक दर्शनी भागी लावणे, ही कामे दोघांच्याही हिताची आहेत. त्यांपैकी बहुतेकांस फारसा खर्च येत नाही.

ग्रामपंचायतीने अशा घरांची माहिती संकलित करावी, आरोग्य कर्मचाऱ्यांनी त्यांना अधूनमधून भेट द्यावी आणि शिक्षकांनी खेळत्या हवेचे महत्त्व वर्गात समजावून सांगावे. गावात आजार असल्यास तो पाहुण्यापासून लपवू नये. एकदा लपविलेली गोष्ट उघडकीस आली की संपूर्ण गावावरचा विश्वास उडतो. पुढची साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. परंतु तेव्हा गावाची दारे भीतीने बंद व्हावयाची की काळजीपूर्वक उघडी राहावयाची, हे आज केलेल्या तयारीवर ठरणार आहे.