पाईप आणण्याआधी घर बघा

5 जानेवारी 2023 ला मोपाहून विमानं सुरू झाली, तेव्हापासून पेडण्यात भाड्याच्या खोल्यांची कामं वाढलीत. परवा एक जुनं चिऱ्याचं घर बघायला गेलो. मालक म्हणाले, "पाईप किती लागतील, तेवढं सांगा."

थांबा हो, आधी पाणी बघू!

टाकीवरच्या नळाखाली 10 लिटरची बादली लावली. भरायला पुरतं मिनिट गेलं. अशा लाईनवर एका वेळी दोन शॉवर विसराच. टाकी शॉवरपासून 3 मीटर वर असली, तर दाब मिळतो जेमतेम 0.3 बार. बरेच इन्स्टंट गिझर एवढ्यावर चालूच होत नाहीत.

मग भिंत. चिऱ्यात खोल खाच मारली की कडा ढासळतात. मला तरी उघडी लाईन बरी वाटते. गरम पाण्याला सीपीव्हीसीच.

सांडपाण्याचा विचार मात्र लोक शेवटी करतात. सड्यावर खड्डा मारायला ब्रेकर लागतो. वर जांभा सच्छिद्र, पाणी झिरपत जातं. म्हणून सोकपिट विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला.

काम काढताय? बादली किती सेकंदांत भरते आणि टाकी किती उंच आहे, तेवढं लिहा. पुढचं सांगतो.