रेस्ट सेवा, जावा भाषेतील
एका आज्ञावलीला दुसऱ्या संगणकावरील माहिती एचटीटीपी या संदेशनियमावलीच्या द्वारे मिळविता वा बदलता यावी, यासाठी विशिष्ट रचनाशैलीनुसार जावा या संगणकभाषेत तयार केलेली सेवा. या शैलीची तत्त्वे रॉय फील्डिंग यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठास (अर्व्हाइन) सादर केलेल्या प्रबंधात २००० मध्ये मांडली.

या शैलीत प्रत्येक माहितीघटकास ‘संसाधन’ मानून त्याला स्वतंत्र पत्ता देतात. उदा., ग्रंथालयाच्या सेवेत ‘पुस्तके/१७’ हा एका पुस्तकाच्या नोंदीचा पत्ता होय. ‘गेट’ या क्रियेने नोंद वाचतात, ‘पोस्ट’ने सामान्यतः नवी नोंद करतात, ‘पुट’ने ती संपूर्ण बदलतात व ‘डिलीट’ने काढून टाकतात. नोंदीचे रूप बहुधा जेसन किंवा एक्सएमएल या स्वरूपात पाठवितात. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असल्यामुळे ती अनेक सर्व्हरांपैकी कोणालाही हाताळता येते.

जावामध्ये प्रारंभी अशा सेवा ‘सर्व्हलेट’ वापरून लिहीत. पत्त्याची फोड करण्याचे काम आज्ञावलीकारासच करावे लागे. २००८ मध्ये जॅक्स-आरएस हे मानक सिद्ध झाले. त्यानुसार साध्या वर्गावर ‘@पाथ’ व त्यातील कार्यपद्धतींवर ‘@गेट’, ‘@पोस्ट’ यांसारख्या खुणा (ॲनोटेशन) केल्या की, आलेली विनंती योग्य कार्यपद्धतीकडे आपोआप जाते. जर्सी व रेस्टईझी ही या मानकाची प्रसिद्ध कार्यान्वयने होत. मानकाच्या २.० आवृत्तीत (२०१३) ग्राहक-आज्ञावली लिहिण्याची सोय झाली. जकार्ता प्रकल्पाच्या ३.० आवृत्तीत (२०२०) संचनामांतील ‘जावाएक्स’च्या जागी ‘जकार्ता’ हे नाव आल्याने जुन्या आज्ञावल्यांत त्यानुसार बदल करावे लागतात. स्प्रिंग या आराखड्यात मात्र स्वतंत्र खुणा वापरतात.

या खुणा विनंतीला केवळ वाट दाखवितात; क्रियेचा अर्थ पाळला जातो की नाही, हे त्या तपासत नाहीत. ‘गेट’ने नोंदीत बदल होत असेल, तर शोधयंत्राने पत्ता नुसता उघडला तरी माहिती बिघडू शकते. जाळ्यातील दोषामुळे प्रतिसाद हरवला, तर काम झाले की नाही हे ग्राहकास कळत नाही. अशा वेळी तीच ‘पुट’ विनंती पुन्हा पाठविल्यास अंतिम स्थिती तीच राहावयास हवी. ‘पोस्ट’ पुन्हा पाठविल्यास मात्र खात्यातून रक्कम दोनदा वजा होण्याचा संभव असतो. म्हणून अशा व्यवहारास ग्राहकाने एकमेव क्रमांक जोडावयाचा व सर्व्हरने तो जपून, पुनरावृत्ती झाल्यास पहिलेच उत्तर द्यावयाचे, अशी योजना करतात. सेवेची विश्वसनीयता मुख्यत्वे या शिस्तीवर अवलंबून असते.