वेणी कोणाच्या नावावर? कोल्हापूर परिसराच्या सर्जनशील अर्थव्यवस्थेचा अभ्यास

ज्या व्यवसायांत वस्तूचे मोल कच्च्या मालापेक्षा तिच्यातील कल्पकता, हातोटी आणि सौंदर्यदृष्टी यांवर अधिक ठरते, त्यांच्या एकत्रित व्यवहाराला सर्जनशील अर्थव्यवस्था म्हणतात. ब्रिटिश सरकारने १९९८ मध्ये जाहिरात, वास्तुरचना, हस्तकला, चित्रपट, संगीत आदी १३ क्षेत्रांचा आढावा प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून अशा पाहण्यांना जगभर वेग आला. त्या साधारणतः दोन अंगांनी केल्या जातात : एकीत कोणता उद्योग काय निर्माण करतो हे पाहिले जाते, तर दुसरीत प्रत्यक्ष माणूस कोणते काम करतो हे विचारले जाते, कारण कापड गिरणीत नक्षी काढणारा आरेखक उद्योगाच्या रकान्यात कापड कामगार ठरतो, व्यवसायाच्या रकान्यात मात्र कलावंत.

कोल्हापुरी चपलेला ही कसोटी लावली, की पाहणीची खरी अडचण समोर येते. परंपरागत पद्धतीत कातड्याची पिशवी शिवून तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचे पाणी भरतात व ती टांगून ठेवतात, म्हणजे पाणी हळूहळू झिरपून कातडे पक्के होते. पुढे तळ कापणे, चामड्याच्या वादीने तो शिवणे, पट्टे बसवणे आणि बारीक पट्ट्यांची वेणी विणणे अशी कामे वेगवेगळ्या हातांत वाटली जातात. यांपैकी वेणी आणि नक्षी ही कामे बहुतांशी घरातील स्त्रिया करतात. गिऱ्हाइकाची नजर आधी त्या वेणीवर जाते, परंतु केवळ दुकाने आणि नोंदणीकृत कारखाने मोजणाऱ्या पाहणीत ती विणणाऱ्या स्त्रीची नोंद सहसा होत नाही. म्हणून पेढीऐवजी कातडे कमावण्यापासून विक्रीपर्यंतची संपूर्ण साखळी, आणि तिच्यातील प्रत्येक घर, हेच अभ्यासाचे एकक मानणे आवश्यक ठरते.

प्रदेशाची सीमाही याच साखळीवरून आखावी लागते. या चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात, म्हणजे विशिष्ट भूभागातील उत्पादनालाच ते नाव वापरू देणाऱ्या कायदेशीर संरक्षणात, महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. मात्र हे संरक्षण नावापुरते असते, घाटाला ते लागू पडत नाही; त्यामुळेच २०२५ मध्ये इटलीतील एका फॅशन प्रदर्शनात तशाच घाटाच्या चपला झळकल्या, तेव्हा आरेखनाचे श्रेय आणि मोबदला कोणाचा, हा प्रश्न ऐरणीवर आला.

आकड्यांच्या जोडीला इतिहासही तपासावा लागतो, कारण कौशल्य एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जाते. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नातलग चित्रपटाकडे वळले. आनंदरावांच्या निधनानंतर बाबूरावांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्याच कंपनीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम आदींनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली, हेही तितकेच बोलके आहे : कसब एका गावात रुजते, पण भांडवल आणि बाजारपेठ यांच्या ओढीने ते दुसरीकडे जाऊ शकते. नाटक, चित्रकला आणि चित्रपट यांना स्वतंत्र रकान्यांत टाकणाऱ्या पाहणीला हा प्रवाह दिसत नाही.

अशा अभ्यासाचे महत्त्व केवळ विद्यापीठापुरते नाही. कर्ज, प्रशिक्षण, विमा आणि बाजारपेठेच्या योजना नोंदींच्या आधारे आखल्या जातात, त्यामुळे नोंदीतून सुटलेले कसब योजनेतूनही सुटते आणि पुढच्या पिढीला तो धंदा पत्करण्याचे कारण उरत नाही. पाहणी करणाऱ्याने दुकानाच्या फळीवरून मागे, शिवणाऱ्याच्या ओसरीपर्यंत आणि तेथून आत, पट्ट्यांची वेणी विणणाऱ्या स्त्रीपर्यंत जावे, तिचे तास आणि तिची मजुरी विचारावी आणि कारागीर या रकान्यात तिचे नाव लिहावे. प्रदेशाच्या सर्जनाचा हिशेब तेथूनच सुरू व्हायला हवा.